पाचवी मागणी : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

(द्वितीय वर्ष, कला)

रविवार कुणाला आवडत नाही? विद्यार्थ्यांना आवडतो, प्राध्यापकांना आवडतो, कचेरीतल्या कारकुनांना आवडतो आणि कारखान्यातल्या कामगारांना तर सर्वांत जास्त आवडतो. रविवारी संध्याकाळी सारसबागेत पाऊल ठेवायला जागा नसते. मुलाला खांद्यावर घेऊन तळ्यातल्या गणपतीला आलेला जो माणूस तिथे दिसतो, तो आठवड्याचे सहा दिवस कुठल्यातरी यंत्रापुढे उभा असतो. त्याच्या पदरात हा एक दिवस कुणी टाकला, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. ज्यांना येते ते एक नाव सांगतात : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे.

भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून लोखंडे यांना ओळखले जाते आणि ते योग्यच आहे. पण मला वाटते, आपण त्यांची निम्मीच आठवण ठेवली आहे. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या वतीने पाच मागण्या मांडल्या. रविवारची सुटी ही त्यातली पहिली. ती आपल्याला मिळाली आणि म्हणून ती लक्षात राहिली. पाचवी मागणी कामावर जखमी होणाऱ्या माणसाबद्दल होती. तिची आठवण कुणी काढत नाही. प्रस्तुत लेखात लोखंडे यांचे चरित्र थोडक्यात सांगताना मी त्या पाचव्या मागणीपाशी जरा जास्त वेळ थांबणार आहे. तसे करण्याचे कारण पुढे येईलच.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव मात्र आपल्या पुणे जिल्ह्यातले, खेड तालुक्यातील कन्हेरसर. १८४८ हे साल पुणेकरांना वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. ज्या माणसाच्या विचारांनी लोखंडे यांचे आयुष्य घडायचे होते, त्याचे काम आणि लोखंडे यांचे आयुष्य एकाच वर्षी सुरू झाले, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

त्या काळी गरिबाच्या मुलाने मॅट्रिकपर्यंत शिकणे ही सोपी गोष्ट नव्हती. लोखंडे तेवढे शिकले. पुढे शिकण्यासारखी घरची स्थिती नव्हती. त्यांनी प्रथम रेल्वेत व नंतर पोस्टात नोकरी केली आणि १८७० च्या सुमारास मुंबईत मांडवी येथील एका कापडगिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले.

स्टोअरकीपर म्हणजे भांडारावरचा माणूस. तेल, पट्टे, सुटे भाग, जे जे लागेल ते त्याच्याकडून जायचे. यंत्राचा एखादा भाग मोडला की त्याची नोंद व्हायची आणि त्याच्या जागी नवा भाग दिला जायचा. मोडलेल्या माणसाची नोंद मात्र कुठल्या वहीत व्हायची? त्याच्या जागी दरवाजाबाहेर उभा असलेला दुसरा माणूस आत घेतला जायचा. लोखंडे यांना पुढे जे सुचले त्याचे बीज त्या भांडारातच पडले असावे, असा माझा आपला तर्क आहे.

त्या वेळच्या गिरण्यांची कल्पना आज आपल्याला सहज येणार नाही. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढच्या तीस वर्षांत गिरणगाव उभे राहिले. कोकण, देश आणि घाटमाथ्यावरून माणसे पोटासाठी तिथे गेली. गिरणीत विजेचे दिवे नव्हते. म्हणून सूर्य उगवला की यंत्रे सुरू आणि मावळला की बंद. हिवाळ्यात दहा-अकरा तास आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा तास काम चाले. ठरलेली साप्ताहिक सुटी नाही. पगार महिना उलटून गेल्यावर केव्हातरी हाती पडे. एका वाफेच्या इंजिनावर सगळी यंत्रे चालत. छताजवळ फिरणाऱ्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली येत आणि प्रत्येक यंत्र फिरवीत. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा हात त्या पट्ट्यात सापडला की माणूस ओढला जाई. हवेत कापसाचा तूस इतका उडे की खोकला हा गिरणीवाल्याचा सोबतीच होऊन बसे. लहान मुले यंत्राच्या खालून कापूस झाडून काढीत.

सरकारचे याकडे लक्ष गेले ते १८७५ साली. त्या वर्षी मुंबईत पहिले गिरणी कमिशन बसले. त्यामागे केवळ दया होती असे म्हणता येत नाही. इथल्या स्वस्त कापडाशी स्पर्धा करणे जड जाऊ लागलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही इथे कायदा हवा होता. सोराबजी शापूरजी बेंगाली यांच्यासारख्या सहृदय गृहस्थांनी मुंबईत पुष्कळ खटपट केली आणि अखेर १८८१ चा कारखाना कायदा आला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याचे बंधन ठेवले. मोठ्या माणसांच्या तासांविषयी, त्यांच्या विश्रांतीविषयी त्यात अक्षर नव्हते. यंत्राला कुंपण हवे हे कायद्याने मान्य केले, पण चौदा तास उभे राहून डोळ्यांवर झापड आलेल्या माणसाला कुंपण किती वाचवणार?

इथे पुण्याचा संबंध पुन्हा येतो. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्या समाजाचे एक कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यातच 'दीनबंधु' हे पत्र सुरू केले. कष्टकऱ्यांचे, शेतकऱ्यांचे म्हणणे मांडणारे पत्र चालवणे म्हणजे पदरचे पैसे घालणे. पुण्यात ते चालेना. १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईस नेले, संपादकपद पत्करले आणि मरेपर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, ते चालवले. पुण्यात लावलेले रोप मुंबईच्या गिरणगावात वाढले, असे म्हणायला हरकत नाही. आता गिरणी कामगाराची बाजू मांडणारे एक पत्र झाले होते. हवी होती ती संघटना.

१८८४ साली सरकारने दुसरे कमिशन नेमले. कमिशनपुढे मालक बोलणार, अधिकारी बोलणार, डॉक्टर बोलणार. कामगाराच्या वतीने कोण बोलणार? लोखंडे यांनी 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन' उभी केली आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. तिथे ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. ज्यांना लिहिता येत नव्हते अशांचा भरणा असलेल्या वस्तीतून हे काम करून घेणे किती कठीण असेल, याचा आपण विचार करावा.

मागण्या अशा होत्या. पहिली, दर रविवारी पूर्ण सुटी. दुसरी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. तिसरी, सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. चौथी, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी : काम करताना गंभीर दुखापत होऊन कामगार काही काळ निकामी झाला तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्यावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची योग्य व्यवस्था करावी.

मित्रहो, या पाच मागण्या मी ग्रंथालयात बसून वाचल्या तेव्हा पाचवीपाशी बराच वेळ अडकलो. माझे वडील पुण्याबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रेसवर काम करतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि ती पायरी त्या प्रेसने बांधली आहे. मी आठवीत असताना त्या प्रेसखाली वडिलांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली. प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येऊ नये आणि हात आपोआप बाहेर राहावेत, अशी ती योजना असते. पण त्यामुळे नग कमी निघतात. म्हणून तिथे ती बटणे बंद करून पायाच्या पॅडलवर काम चाले. एका हाताने पत्रा सरकवायचा, पाय दाबायचा. दिवसाला हजारो वेळा हात आणि पाय यांची वेळ जुळते, आणि एकदा जुळत नाही. शेटने मलमपट्टीचे पैसे दिले. दीड महिना वडील घरी होते, त्या दीड महिन्याचा पगार मिळाला नाही. आईने दोन घरची जास्तीची कामे धरली. वडील पुन्हा त्याच प्रेसवर गेले. चूक आपलीच, आपले लक्ष नव्हते, असे ते आजही म्हणतात.

हे मी सहानुभूती मिळावी म्हणून लिहीत नाही. आपल्या कॉलेजात अशा घरांतून आलेले पुष्कळ जण आहेत आणि त्यांतल्या कित्येकांची कहाणी याहून कठीण असेल. मला सांगायचे आहे ते एवढेच की, लक्ष नव्हते ही समजूत फार जुनी आहे आणि लोखंडे यांची पाचवी मागणी तिलाच उत्तर देते. कामावर झालेली दुखापत हा कामाचा भाग आहे. यंत्राच्या फायद्यात मालक वाटेकरी असेल, तर यंत्राने केलेल्या इजेतही त्याचा वाटा असला पाहिजे. आणि तो वाटा मालकाच्या खिशातून जाऊ लागला, तरच यंत्राला कुंपण घालणे त्याला स्वस्त वाटू लागेल. या दृष्टीने पाहिले तर पाचही मागण्या एकच आहेत. रविवारची विश्रांती, दुपारचा अर्धा तास, ठरलेली वेळ, या सवलती नसून थकलेला हात यंत्रात जाऊ नये यासाठी घेतलेली खबरदारी आहे. मागण्या लिहिणाऱ्यांनी त्या अशा जोडून पाहिल्या असतील की नाही कोण जाणे, पण त्या जोडलेल्या आहेत खऱ्या.

कमिशनचा अहवाल आला, पण कायदा बदलला नाही. लोखंडे थांबले नाहीत. १८८९ साली कामगारांचा पुन्हा अर्ज सरकारकडे गेला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची प्रचंड सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. ज्या काळात स्त्रीने सभेत बोलणे ही कल्पनाही बहुतेकांना सहन होत नव्हती, त्या काळात हे घडले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या नव्या कमिशनच्या कामात कामगारांच्या बाजूने लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले. १८९१ चा सुधारलेला कायदा आला आणि साप्ताहिक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा या गोष्टी कायद्यात आल्या. पाचवी मागणी मात्र तिथेच राहिली.

लोखंडे यांच्या असोसिएशनला आजच्या अर्थाने कामगार संघटना म्हणता येणार नाही, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तिला वर्गणीदार सभासद नव्हते, निधी नव्हता, लिखित नियम नव्हते. हे खरे आहे. त्यांचा मार्ग अर्जाचा व सभेचा होता, संपाचा नव्हता. पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याने पहिला अर्ज लिहिणे हीदेखील लढाईच असते.

त्यांचे काम गिरणीपुरते नव्हते. १८९० सालीच विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार मुंबईच्या नाभिक बांधवांनी केला, त्यामागे लोखंडे यांची प्रेरणा होती. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला तेव्हा त्यांनी दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून जिवापाड मेहनत घेतली. सरकारने पुढे त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत प्लेग आला. गिरण्यांचे भोंगे वाजत, पण खाती ओस पडू लागली. माणसे गाठोडी बांधून गावाकडे पळाली. उरली ती ज्यांना पळायलाही ठिकाण नव्हते ती. सरकारी इस्पितळाची लोकांना प्लेगाइतकीच धास्ती होती. अशा वेळी लोखंडे यांनी पुढाकार घेऊन प्लेगच्या रोग्यांसाठी इस्पितळ काढले आणि त्यांच्या शुश्रूषेत स्वतःला झोकून दिले. तिथेच त्यांना प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. सुमारे एका महिन्याने, १० मार्चला, इकडे पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच गेल्या. जोतीरावांच्या परिवारातली ही दोन माणसे संकटापासून दूर पळण्याऐवजी संकटाकडे चालत गेली.

त्यानंतर पाचव्या मागणीचे काय झाले? ती हळूहळू, रखडत पुढे आली. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. १८८४ पासून मोजले तर एकोणचाळीस वर्षे झाली होती, आणि तात्पुरत्या अपंगत्वाला त्यात जेमतेम अर्धा पगार होता. लोखंडे यांनी मागितला होता पूर्ण. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा आला. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने यंत्रांच्या कुंपणापासून प्रथमोपचाराच्या पेटीपर्यंत अनेक गोष्टी बंधनकारक केल्या. आत माणूस असताना बाहेर पडण्याचा दरवाजा कुलूपबंद असता कामा नये, तो बाहेरच्या बाजूला उघडावा, आग लागली तर कुठून निघायचे हे कामगारांना ठाऊक असावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली, तेव्हा १९८७ साली धोक्याच्या कारखान्यांना संकटकाळची योजना आधीच तयार ठेवण्याचे बंधन आले. २०२० साली संसदेने जुने अनेक कायदे एकत्र करून कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची नवी संहिता मंजूर केली. म्हणजे कागदाची आपल्याकडे उणीव नाही.

पण कागद आणि दरवाजा यांत अंतर असते. डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या कोंढव्यात एका बेकरीला पहाटे आग लागली. आत झोपलेले सहा कामगार मेले, कारण दाराला बाहेरून कुलूप होते. मे २०१९ मध्ये उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानात रात्री आग लागली. तिथेही दार बाहेरून बंद, आत पाच कामगार. जून २०२१ मध्ये मुळशी तालुक्यात उरवडे येथील रासायनिक कारखान्याच्या आगीत पंधराहून अधिक कामगार गेले, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. एका कुलपाची किंमत किती? आणि एका किल्लीची? ज्या दुकानात मालाची चोरी होऊ नये म्हणून माणसे कोंडली जातात, तिथे माल आणि माणूस यांत मौल्यवान काय, याचा निर्णय आग लागण्यापूर्वीच झालेला असतो.

दरवर्षी ४ मार्चला कारखान्यांतून राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. प्रतिज्ञा होते, छातीला बिल्ला लागतो. हे वाईट नाही. पण खरी तयारी साधी असते आणि ती मालक व कामगार दोघांची असते. मालकाने यंत्राचे कुंपण काढायचे नाही, दोन बटणे चालू ठेवायची, बाहेर पडायचा दरवाजा मोकळा ठेवायचा आणि आज आत किती माणसे आहेत याची यादी दारापाशी ठेवायची. कामगाराने नग वाढावेत म्हणून स्वतःच्या हाताने सुरक्षेची कळ बंद करायची नाही, मुख्य स्विच कुठे आहे ते नव्या पोराला पहिल्या दिवशी दाखवायचे आणि दुखापत लपवायची नाही, तिची नोंद करायला लावायची. सहा महिन्यांतून एकदा सर्वांनी मिळून खोटी आग समजून बाहेर पडून पाहायचे. लोक हसतील, हसू द्यावे.

उद्या आपल्यापैकी कुणी अधिकारी होईल, कुणी दुकान काढेल, कुणी मुकादम होईल, कुणी शिक्षक होईल. कुणाच्या तरी हाताखाली माणसे असतील. त्या दिवशी आपल्याला लोखंडे आठवले तर केवळ रविवारसाठी आठवू नयेत. २००५ साली भारत सरकारने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढले. तिकिटावर माणूस येणे हा मोठा सन्मानच. त्याहून मोठा सन्मान मात्र, वडिलांसारख्या एखाद्या कामगाराने आपली चूक नव्हती हे ओळखावे आणि दुखापतीच्या दिवसांचा पगार हक्काने मागावा, हा होय. माझे वडील मराठी वाचतात, सावकाश, बोट ठेवून. हा अंक छापून आला की मी तो त्यांना वाचायला देणार आहे.

ज्या माणसाने यंत्राच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे प्रथम पाहिले, त्या कै. नारायण मेघाजी लोखंडे यांना माझे विनम्र अभिवादन.